‘माझे घर’ निबंधातले मोठे घर



तिसरी-चौथीच्या मुलांना ‘माझे घर’ हा निबंध लिहायला द्या आणि वह्या गोळा करून बघा. बहुतेक वह्यांत सुरुवात ठरलेली असते. माझे घर खूप मोठे व सुंदर आहे, घरासमोर छान बाग आहे. ज्याचे घर दोन खोल्यांचे, तोही हेच लिहितो. पत्र्याच्या शेडमध्ये राहणारी मुलगीही हेच लिहिते. बागेचे तर विचारूच नका, आमच्या गावात सरपंचांच्या दारातही बाग नाही! ही वाक्ये मुलांनी घर बघून लिहिलेली नसतात. निबंधाच्या पुस्तकातून, मोठ्या भावाच्या जुन्या वहीतून आणि आपणच फळ्यावर दिलेल्या मुद्द्यांतून ती येतात.

तुम्ही म्हणाल, लहान मुलांचा निबंध तो, एवढं काय मनावर घ्यायचं? पण मला वाटते ‘मोठे व सुंदर’ ही जोडी आपण मुलांच्या डोक्यात इतकी पक्की बसवतो की पुढे तो एकच शब्द होऊन जातो. मोठे म्हणजेच सुंदर, मोठे म्हणजेच चांगले. हाच मुलगा तिशीत आला की जुने घर पाडतो आणि तेच वाक्य सिमेंटमध्ये बांधतो. त्या सिमेंटचा हप्ता त्याची मुले भरतात, म्हणून हा विषय शाळेचा आहे असे माझे मत आहे.

मी सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात शिकवते. खानापूर, आटपाडी, तिकडे साताऱ्याचे खटाव-माण, या भागातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामासाठी, देशभर पांगलेली आहेत. तिकडे कमावलेल्या पैशातून गावात बंगला उठतो. त्यांचे बघून मागे राहिलेला शेतकरी, नोकरदार, दुकानदारही बांधायला काढतो. एखाद्या गावात शिरलात तर दुमजली बंगले ओळीने दिसतील, काचेच्या खिडक्या, स्टीलचे जिने, गेटवर सिंह. आणि बऱ्याच गेटांना कुलूप. यात्रेला आणि लग्नाला तेवढे उघडायचे. कोकणातल्या मित्रांना हे चित्र नवीन नाही, तिथे कुलूप गणपतीला निघते.

जुने घर किती मोठे होते? आमच्याकडची म्हातारी माणसे घर चौरस फुटात सांगत नाहीत, खणात सांगतात. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. कुणाचे घर तीन खणांचे, कुणाचे पाच, वाडा असला तर जास्त. लाकूड ज्या लांबीचे मिळेल आणि परवडेल तेवढाच खण पडायचा. म्हणजे घराचा आकार झाडाने ठरवलेला होता. थोरल्याचे लग्न झाले, दोन खण वाढवा. धाकट्याचे झाले, सोपा पुढे ओढा. घर माणसांच्या मागून वाढत जायचे. कॉलम, बीम आणि स्लॅब आले आणि ही मर्यादा गेली. आता मर्यादा फक्त पैशाची राहिली, आणि कर्ज मिळाले की तीही पुढे सरकते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर कुणी म्हणेल मॅडम जुन्या मातीच्या घरांचे कौतुक सांगायला बसल्या. तसे अजिबात नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे १० हजार माणसे गेली. भूकंपाइतकीच ती घरांनीही मारली. मातीत रचलेल्या दगडाच्या जाड भिंती आणि डोक्यावर मातीचे जड माळवद, ते झोपलेल्या माणसांवर आले. जुने ते सोने हे घराच्या बाबतीत खरे नाही. धूर, अंधार, भिंतीत विंचू, आणि संडास कुठे तर गावाबाहेर. ज्या सासवा-सुनांनी ते भोगले त्यांना पक्के घर हवेच होते.

पण त्याच किल्लारीच्या पुनर्वसनातली एक बाब मुलांना सांगण्यासारखी आहे. जी गावे नव्या जागी वसवली तिथे घरे तीन आकारांची दिली गेली, २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची. कुणाला कोणते, हे ठरले जमिनीवरून. भूमिहीन आणि अगदी थोड्या जमिनीवाल्याला २५०, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. सरकारी बाजूने त्याला कारणे असतील, शेतकऱ्याला धान्य-अवजारांना जागा लागते. तरी मला वाटते की घर कशावरून मोजायचे याचे आपले उत्तर त्या कोष्टकात उघडे पडले. घरात माणसे किती, यापेक्षा माणूस गावात केवढा, यावरून आपण घर मोजतो.

लहान घर म्हणजे चांगले घर, असेही मला म्हणायचे नाही. मुंबईच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. तिथली खोली १६० चौरस फुटांची. त्या खोलीत तीन-तीन पिढ्या राहिल्या, संडास सामाईक. आता पुनर्विकासात त्यांना ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या साडेपाचशेवर कुटुंबांना चाव्या मिळाल्या. कुणीही माणूस याला आनंदच म्हणेल. आपल्या गावातले घरकुल बघा. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये किमान आकार २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. आधीच्या इंदिरा आवास योजनेत तो २० चौरस मीटर होता. सपाट भागात केंद्राच्या योजनेची मदत १ लाख २० हजार रुपये. तेवढ्यात आजी-आजोबा, आई-बाप आणि तीन मुले राहतात. त्या मुलाला अभ्यासाला कोपरा मिळत नाही, हे मी रोज वहीवरच्या डागांवरून ओळखते. अशा घराला आणखी एक खोली मिळाली तर माझ्या दहा उपक्रमांपेक्षा तिचा उपयोग जास्त होईल.

म्हणजे लहान घराचा त्रास खरा आहे. प्रश्न त्याच्या पुढच्या टोकाचा आहे. १६० चे ५०० झाले की माणसाचे आयुष्य बदलते. १००० चे २००० झाले की काय बदलते?

हे मुलांना आकड्यात कळत नाही, मोठ्यांनाही कळत नाही. म्हणून मी पाचवीला क्षेत्रफळ शिकवताना वर्गात बसत नाही. चुन्याची फक्की आणि टेप घेऊन मैदानावर जाते. तुम्हीही करून बघा, एक तास पुरतो. आधी १० बाय १६ चा आयत आखायचा, ही बीडीडीची खोली. शेजारी साडेसोळा फुटांचा चौरस, हे साधारण घरकुल. मग २० बाय २५, हे नवे ५०० फुटांचे घर, बऱ्याच ठिकाणी आपली वर्गखोलीही साधारण एवढीच असते. शेवटी ४० बाय ५०, हा २००० फुटांचा बंगला. गावातल्या मुलांना गुंठा माहीत असतो, ३३ बाय ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. बंगला दोन गुंठ्याला थोडाच कमी भरतो. आता प्रत्येक आयतात पाच-पाच मुले उभी करा. पहिल्यात कोपर कोपराला लागते आणि सगळी हसतात. चौथ्यात पाचजण उभे राहिले की एकमेकांना हाका मारायला लागतात. हाका कुणी शिकवलेल्या नसतात. त्या जागेत तसेच वागावे लागते.

मोठ्या मुलांना पुढचे गणित द्या. समजा बांधकामाचा दर चौरस फुटाला १८०० रुपये धरला. (तुमच्या गावातला दर मिस्त्रीला विचारून घ्या, फर्निचर आणि टाइल्सच्या हौसेप्रमाणे तो कुठेही जातो.) हजार फुटांचे घर १८ लाखांचे, दोन हजारांचे ३६ लाखांचे. वरच्या हजार फुटांसाठी १८ लाख कर्ज काढले, व्याज ९ टक्के, मुदत १५ वर्षे. हप्ता येतो महिन्याला सव्वाअठरा हजारांच्या आसपास. एकूण फेड जवळजवळ ३३ लाख. सातवीच्या मुलांना सरळव्याज येते, त्यांना फक्त पहिल्या वर्षाचे व्याज काढायला सांगा. १ लाख ६२ हजार. महिन्याचे साडेतेरा हजार झाले. ही त्या खोल्यांची भाडेपट्टीच समजा, फक्त भाडेकरू आपणच आणि खोल्या बंद.

शिवाय ९ टक्के हा दर बँकेचा झाला. गावठाणातल्या घराला बँक सहज दारात उभे करत नाही, कारण हातात ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा असतो, मालमत्ता पत्रक नसते. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन सनदा मिळू लागल्या आहेत, पण आजवर लोकांनी घरे बांधली ती पतसंस्थेच्या कर्जावर, भिशीवर, बायकोच्या दागिन्यांवर आणि पाहुण्यांच्या उसनवारीवर. पतसंस्थेचे व्याज बँकेपेक्षा चढेच असते.

‘मॅडम, घर म्हणजे गुंतवणूक असते,’ असे पालक म्हणतात. पुण्या-मुंबईत असेल. तिथे भाव जागेचा वाढतो आणि आपल्याला वाटते घराचा वाढला. गावात बांधकामावर घातलेला पैसा दरवर्षी जुना होत जातो. गावठाणातला बंगला विकायला काढला तर घेणार कोण? भाऊबंदाच्या शेजारी परका येत नाही, आणि भाऊबंद घ्यायचे तर मातीमोल मागतो. भाड्याने द्यावा तर भाडेकरू नाही. आमच्यासारखे बदलीवर आलेले एखाद-दुसरे शिक्षक तेवढे मिळतील, तेही तालुक्याला राहतात! जमीन, गाय, मुलीचे शिक्षण, यांतले काहीही पुढे थोडेफार परत देते. बंद खोली फक्त रंग मागते.

आमच्या शाळेतून सातवी करून गेलेली एक मुलगी आहे. दहावीला चांगले गुण पडले, तिला सांगलीला राहून अकरावी सायन्स करायचे होते, पुढे नर्सिंगचा विचार होता. त्याच वर्षी घराचा दुसरा स्लॅब पडला. वडील म्हणाले, ‘एवढं घर होऊ दे, मग बघू.’ ती दोन वर्षे घरी राहिली. तिचे वडील वाईट माणूस नाहीत, व्यसन नाही, शेतात राबतात. त्यांनी मला घर दाखवताना मुलीची खोलीसुद्धा दाखवली, गुलाबी रंगाची, अटॅच बाथरूमची. त्या खोलीच्या पैशात तिचे होस्टेल झाले असते, हे त्यांना दिसत नव्हते आणि तिला बोलता येत नव्हते. आता ती बाहेरून कला शाखेतून बारावीला बसली आहे.

दुसरी गोष्ट झाडू-पोछ्याची. बांधणारा पुरुष असतो, झाडणारी बाई. तीन खणांच्या घराला सारवण होते, ते कष्टाचे होतेच. पण दोन हजार फूट फरशी, दोन जिने, चार बाथरूम आणि काचेच्या खिडक्या रोज कोण पुसते? शहरात कामाला बाई लावतात. गावात सून पुसते, आणि सून शेतात गेली तर मुलगी. चौथी-पाचवीच्या मुली साडेदहाला धापा टाकत येतात तेव्हा उशिराचे कारण विचारून बघा. ‘वरचा मजला पुसत होते’ हे उत्तर मी ऐकले आहे. वरच्या मजल्यावर कोण राहते? कोणीच नाही. धूळ तेवढी राहते.

आणि ऊन! आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो. माळवदाची माती दुपारचा ताव आत यायला उशीर लावायची. चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच आग खाली सोडतो. म्हणून एवढा बंगला असून सगळे कुटुंब खालच्या हॉलमध्ये एका कूलरसमोर झोपते. म्हणजे वापरात किती, तर तोच २० बाय १५ चा हॉल आणि स्वयंपाकघर. ओसरी काढून टाकलेली असते कारण प्लॅनमध्ये ‘जागा वाया जाते’. आजी मग गेटबाहेर रस्त्यावर खुर्ची टाकून बसते. परसातला लिंब तोडलेला असतो कारण बांधकाम हद्दीपर्यंत न्यायचे होते. मुलांना खेळायला अंगण नाही, टेरेस आहे, आणि तिला कठडा करायचा राहिलेला आहे.

लोक असे का बांधतात, ते मला कळते. लोक मूर्ख नाहीत. मुलाचे लग्न हे पहिले कारण. शेतकऱ्याच्या पोराला मुली मिळत नाहीत, मुलीकडचे येतात ते आधी घर बघतात. बंगला दिसला तर बोलणी पुढे सरकतात. दुसरे भाऊबंदकी, चुलत्याने दोन मजले काढले तर आपला निदान जिना तरी वर गेला पाहिजे. तिसरे कारण मला सगळ्यात खरे वाटते. ज्याने वीस वर्षे परमुलखात दहा बाय दहाच्या खोलीत भट्टीच्या धुरात काढली, त्याला गावात मोठे घर म्हणजे आपण वाया गेलो नाही याचा पुरावा वाटतो. त्या माणसाला नावे ठेवायचा मला अधिकार नाही. पण पुराव्याला केवढी जागा लागते, हे विचारता येते. आणि मुलीच्या बापांनो, हे तुम्हालाही सांगते. स्थळ बघायला गेलात की खोल्या मोजता, मग कर्ज किती हेही विचारा. त्या घराचा हप्ता तुमची मुलगीच पोटाला चिमटा काढून भरणार आहे.

शाळेत आपण काय करू शकतो? मी ‘माझे घर’ बंद केलेला नाही, मुद्दे बदलले. मोठे, सुंदर, बाग हे तीन शब्द वापरायचे नाहीत एवढीच अट घातली. त्याऐवजी विचारले, घरात तुझी आवडती बसायची जागा कोणती? काल कोणकोणत्या खोल्यांचे दार उघडले? रात्री कोण कुठे झोपते? पाऊस आला की कुठे आवाज होतो? पहिल्यांदा वर्ग पाच मिनिटे गप्प बसला, बघून लिहायला काही नव्हते ना. मग वह्या भरू लागल्या. घरकुलातल्या एका मुलाने लिहिले की त्याच्या घरात कुणी कुजबुजले तरी सगळ्यांना ऐकू येते, म्हणून चिडवाचिडवी लपून करता येत नाही. बंगल्यातल्या एका मुलीने लिहिले की वरच्या खोलीत तिने वर्षभरात दोनदा पाऊल टाकले, तिथे सोफा प्लॅस्टिकमध्ये आहे. दोन्ही मुलांनी एकमेकांचे निबंध ऐकले, आणि त्या दिवशी कुणाचे घर मोठे यावर वर्गात भांडण झाले नाही. एरवी ते होतेच.

एक काळजी मात्र घ्या. मुलांना घरी पाठवून खोल्या मोजायला लावू नका आणि घराचे आकडे फळ्यावर तर अजिबात लिहू नका. पत्र्याच्या शेडमधल्या मुलीची मान खाली जाते. मोजायचे ते मैदानावर, चुन्याने.

आता पालकांसाठी, विशेषतः ज्यांचे जुने घर पाडून येत्या पाडव्याला पायाभरणी करायचे चालले आहे. ‘घर काय पुन्हा पुन्हा बांधायचं असतं का?’ असे तुम्ही विचाराल. तर हो, पूर्वी खण वाढवत तसेच बांधत होते, आणि स्लॅबच्या घरातही ते जमते. इंजिनिअरकडून पाया आणि कॉलम दोन मजल्यांचा भार धरून काढून घ्या, यात काटकसर नको. बांधा मात्र आजच्या माणसांपुरता तळमजला. दोन झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम, आणि बाहेर छपराखालची ओसरी. मुलाला अभ्यासाला खिडकीजवळ टेबलाची जागा आधी ठरवा, सोफ्याची नंतर. जिना बाहेरून ठेवा म्हणजे पुढे भावाला वरचा मजला वेगळा देता येईल. टेरेसला कठडा पहिल्याच वर्षी करा. वर कॉलमचे गज सोडाल ते तसेच उघडे ठेवू नका, दोन पावसाळ्यांत गंजतात आणि पुढच्या मजल्याला कुचकामी होतात. त्यांच्यावर सिमेंटचे पाणी मारून हलक्या काँक्रीटमध्ये झाकून ठेवा, वरचा मजला लागेल तेव्हा फोडता येते. मिस्त्री विसरतो, त्याच्या मागे लागावे लागते.